पडद्याची दोरी

माझा नातू सव्वादोन वर्षांचा असताना सुटीत आमच्याकडे राहावयास आला होता. दुपारची वेळ होती. ऊन आत येऊ नये म्हणून खिडकीचा पट्ट्यांचा पडदा खाली सोडला होता, आणि मी शेजारच्या खोलीत वाचीत बसलो होतो. घरात लहान मूल असूनही सारे शांत होते. त्या शांततेचेच नवल वाटून मी उठलो. पाहतो तो नातू खिडकीखालच्या पलंगावर उभा, पडद्याची दोरी माळेसारखी गळ्यात घातलेली, आणि काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे तो मोठ्या कौतुकाने बघत होता. मी हळूच जाऊन ती माळ काढली. घडले काहीच नाही. परंतु गादीवरून त्याचा पाय घसरला असता तर काय झाले असते, हे समजण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. मनाला लागून राहिली ती गोष्ट निराळीच. ती माळ मीच तयार करून ठेवली होती. दोरीची दोन टोके लोंबत राहतात, दिसायला बरे दिसत नाही, म्हणून मीच त्यांना एकत्र गाठ मारली होती.

नीटनेटकेपणा आणि सुरक्षितता या नेहमीच एकत्र नांदतात असे नाही, हे मला त्या दिवशी कळले. पुष्कळ घरांत ही दोरी गाठ मारून, वेणी घालून किंवा सुबक वेटोळे करून खिडकीच्या कडीला अडकवलेली आढळते. नजरेला ते व्यवस्थित दिसते. पण जे वेटोळे आपल्या हाताला सोयीचे, तेच मुलाच्या गळ्याला फास होऊ शकते. धोका नुसत्या दोरीत फारसा नाही. तो दोरीच्या बंद फेऱ्यात आहे, आणि मुलाच्या हाती येणाऱ्या तिच्या लांबीत आहे.

दोरी ओढून पडदा वर घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. व्हरांड्यातले चिकाचे पडदे असेच गुंडाळले जात. पण ते बहुधा घराबाहेरच्या बाजूस असत. आता पट्ट्यांचे, गुंडाळीचे आणि घड्यांचे पडदे थेट निजण्याच्या खोलीत आले आहेत, आणि शहरातल्या लहान खोलीत पलंगाला खिडकीखेरीज दुसरी भिंत उरत नाही.

गळ्याला फास बसण्यास मूल अधांतरी लोंबकळावे लागते, ही समजूत चुकीची आहे. बसल्या जागी वा गुडघ्यांवर असतानाही पुढे झुकलेल्या शरीराचा भार पुरेसा होतो. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड, मान दुबळी आणि श्वासनलिका कोवळी असते. दोरी आवळली की मेंदूकडे जाणारे रक्त अडते आणि काही सेकंदांतच शुद्ध हरपते. मागे सरकले तर फास सैल होईल, एवढी समज त्या वयात नसते. शिवाय आवाज फुटत नाही. म्हणूनच आई शेजारच्या खोलीत असतानाही असे अपघात घडले आहेत.

अमेरिकेत १९८१ ते १९९५ या काळातील अशा मृत्यूंची मोजदाद झाली, तेव्हा त्यांची संख्या १८३ भरली. ओढण्याच्या दोरीचा फेरा हे त्यांतले प्रमुख कारण. तेथील कारखानदारांनी मग त्या दोरीची टोके सुटी ठेवून प्रत्येकाला वेगळा गोंडा लावण्यास आरंभ केला. (ही सुटी टोके पाहून माझ्यासारखा एखादा टापटिपीचा भोक्ता त्यांना पुन्हा गाठ मारील, हे त्यांच्या ध्यानात आले असेल काय, कोण जाणे!) पुढे असे दिसले, की पट्ट्यांच्या छिद्रांतून जाणारी आतली दोरीदेखील मूल दोन पट्ट्यांमधून बाहेर ओढू शकते, आणि तिचाही फास होतो. २००९ साली तर घड्यांचे आणि गुंडाळीचे मिळून पाच कोटींहून अधिक पडदे दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची पाळी आली. अखेर २०१८ च्या डिसेंबरपासून दुकानात तयार मिळणारे पडदे बिनदोरीचे किंवा मुलाच्या हाती दोरी न लागणारे असावेत, असे मानक तेथे लागू झाले. एक साधी दोरी काबूत आणण्यास दोन तपे लागली.

कॅनडाने २०२२ पासून लागू केलेला नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो घरच्या टेपानेही तपासता येतो. मुलाच्या हाती येणारी दोरी २२ सेंटिमीटरांहून लांब नसावी, आणि तिच्या फेऱ्याचा घेर ४४ सेंटिमीटरांहून अधिक नसावा. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४५-४६ सेंटिमीटर असतो. अर्थात एवढ्या लहान फेऱ्यातून डोके जात नाही.

नवा पडदा घ्यावयाचा असेल तर बिनदोरीचाच घ्यावा. त्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही. जुना असेल तर दोन टोकांची गाठ प्रथम सोडावी. पडदा पूर्ण खाली असताना दोरी किती उरते ते पाहून अनावश्यक भाग कापून टाकावा. उरलेली दोरी भिंतीत पक्क्या बसवलेल्या दोन शिंगांच्या खुंटीला इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे गुंडाळावी, आणि हे दर वेळी करावे. मण्यांच्या अखंड साखळीला मात्र कात्री चालत नाही. तोडली तर पडदाच चालत नाही. तिच्या खालच्या टोकाला भिंतीवर पकड बसवून ती ताठ ताणून ठेवावी, म्हणजे तिच्यात डोके शिरण्याइतकी फट पडत नाही.

खुंटी जमिनीपासून किमान दीड मीटर उंच असावी, असा ब्रिटनमधील प्रघात आहे. पण आपल्या घरांत एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. दोन वर्षांच्या मुलाची उंची सुमारे ८५ सेंटिमीटर. हात वर केला की तो मीटरभर तरी पोहोचतो. त्याच्या पायांखाली ४५ सेंटिमीटरांचा पलंग आणि वर गादी असली, की दीड मीटरवरची खुंटी त्याच्या बोटांना लागलीच! पाळणा, पलंग, खुर्ची, खेळण्यांची पेटी यांपैकी काहीही दोरीच्या खिडकीपाशी नसावे. खोली लहान असेल आणि पलंग हलवणे अशक्यच असेल, तर त्या एका खिडकीला सळईवर सरकणारा साधा कापडी पडदा लावावा.

मी त्याच संध्याकाळी गाठ सोडली. पलंग हलवण्यास मात्र दोन दिवस लागले, कारण त्यासाठी कपाट हलवावे लागले, आणि कपाटासाठी सौभाग्यवतींचे शिवणयंत्र. आता नातू येण्यापूर्वी मी साऱ्या खिडक्यांवरून एक फेरी मारतो. त्याला घेऊन कोणाकडे मुक्कामाला गेलो, तर तेथेही यजमानांची परवानगी घेऊन दोऱ्या वर गुंडाळतो.