डोळे आपले, नजर कुणाची?

दिवाळीच्या सुट्टीत युसूफ वडगावला घरी गेले होते. रात्री जेवणं आटोपली की माझी अकरावीतली चुलत बहीण मोबाईलवर हिंदीत डब केलेला के-ड्रामा लावून बसायची. एकदा सीन पॉज करून तिनं विचारलं, "ताई, हिरोईनच्या पापणीवर रेघ हाय, तिच्या आईच्या पापणीवर न्हाई. असं कसं?"

प्रश्न भारी होता. तुम्हीही आत्ता सेल्फी कॅमेरा उघडा आणि स्वतःची वरची पापणी बघा. डोळा उघडला की पापणीवर एक घडी पडते ना? पापणी उचलणाऱ्या स्नायूचे तंतू कातडीला चिकटलेले असतात. ते कातडी आत ओढतात आणि ही घडी तयार होते. आपल्याकडे ती बहुतेकांना जन्मतःच असते, म्हणून आपण तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. चीन, जपान, कोरियात मात्र साधारण निम्म्या लोकांच्या पापणीची रचना वेगळी असते आणि घडी पडत नाही. त्यानं नजरेत काहीच कमी होत नाही.

तरीही त्या एका रेघेसाठी तिथं ऑपरेशन होतं. डॉक्टर टाके घालून किंवा पापणीला चीर देऊन घडी तयार करतात. दक्षिण कोरियात कॉलेज प्रवेशाची मोठी परीक्षा संपली की आईवडील मुलीला हे ऑपरेशन 'गिफ्ट' देतात, यात कुणाला नवल वाटत नाही. (पापणी खाली उतरून नजरच झाकली जात असेल, तर ते ऑपरेशन गरजेचं असतं. तो विषय वेगळा.)

हे सगळं गोऱ्यांची नक्कल म्हणून आलं का? इतकं सोपं नाही. जपानमध्ये मिकामो नावाच्या डॉक्टरांनी १८९६ सालीच अशा ऑपरेशनची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यांच्या पेशंटच्या एका डोळ्याला घडी होती, दुसऱ्याला नव्हती. कोरियन युद्धानंतर मात्र राल्फ मिलार्ड नावाचे अमेरिकन सर्जन तिथं गेले आणि त्यांनी डोळे पाश्चात्त्य दिसावेत म्हणून ऑपरेशनं केली. म्हणजे हौस घरचीही होती आणि मोजपट्टी बाहेरचीही आली.

आपली 'रेघ' म्हणजे रंग

"येडेच हायेत की हे लोक," बहीण म्हणाली. मला हसू आलं. कारण त्याच दिवशी दुपारी थोरल्या ताईचा लग्नाचा बायोडेटा भरताना आत्या म्हणाली होती, "सावळा कशाला लिव्हतीस? गव्हाळ लिव्ह." आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मलासुद्धा.

आपल्याकडे १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली. २०२० मध्ये कंपनीनं नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. बायोडेटातला रंगाचा रकाना मात्र जिथल्या तिथं आहे.

माझंच सांगते. बारावीनंतर मैत्रिणीनं सांगितलं म्हणून एका दुकानातून ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की घरचे विचारायला लागले. दोन महिन्यांनी गाल लालबुंद, उन्हात आग आग आणि सगळीकडे पुरळ. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली आणि म्हणाले, "यात स्टेरॉईड आहे." अशी १४ स्टेरॉईडयुक्त मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारनं २०१८ मध्ये केलाय. मला ते कुठं माहीत होतं! चेहरा पूर्ववत व्हायला वर्ष गेलं.

मी स्वस्तात सुटले. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली होती. आई आणि दोन मुलींनी ब्युटिशियनकडून आणलेली क्रीम लावली आणि तिघींच्या किडन्यांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा कातडीचा रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून उजळपणा येतो. पण तो कातडीतून रक्तात आणि तिथून किडनीत जातो. म्हणून लेबल नसलेली, सुट्या डबीतली क्रीम कुणीही दिली तरी घेऊ नका. आधीच लावत असाल तर लपवू नका. स्टेरॉईडची सवय लागलेली असेल तर एकदम बंद केल्यावरही त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना ट्यूब दाखवा. आमच्या भागातल्या लोकांना त्यासाठी अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय आहे.

कोरियाची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथं २०१९ मध्ये कायदा बदलला. कामाशी संबंध नसेल तर नोकरीसाठी उमेदवाराचं रूप, उंची, वजन विचारायला बंदी आली. एक रकाना कायद्यानं खोडला.

आपला रकाना खोडायला कायदा कशाला हवा? सुट्टी संपायच्या आदल्या रात्री ताईनं बायोडेटा पुन्हा टाईप केला. शिक्षण, नोकरी, आवडी सगळं ठेवलं, रंगाची ओळ काढली. आत्या म्हणाली, "लोक इचारतील की." ताई म्हणाली, "इचारू दे. फोटो हाय ना, बघतील."

तुमच्या घरातही कुणाचा तरी बायोडेटा तयार होत असेलच. टाईप करायला बहुतेक तुम्हालाच बसवतील. मग ती ओळ ठेवायची की नाही, ते तुमच्याच हातात आहे.