चिलटाच्या पोटातलं नाही, डोक्यातलं घड्याळ

पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी बारीक चिलटं तुम्ही पाहिलीच असतील. शास्त्रज्ञ त्यांना ड्रॉसोफिला म्हणतात. हे चिलट दिवसरात्र काळोख असलेल्या डब्यात ठेवलं, तरी उजाडायच्या सुमाराला उठतं आणि रात्रीच्या वेळी झोपतं. मग त्याला वेळ सांगतं कोण?

1971 साली अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत रोनाल्ड कोनोप्का आणि त्यांचे गुरू सिमोर बेन्झर यांना तीन प्रकारची विचित्र चिलटं सापडली. एका प्रकाराचा दिवस 19 तासांचा, दुसऱ्याचा 28 तासांचा. तिसऱ्याला तर ना दिवस ना रात्र. केव्हाही झोप, केव्हाही जाग! आणि तिन्हींमधला बिघाड निघाला एकाच जनुकात. त्याचं नाव ठेवलं ‘पीरियड’.

जनुक म्हणजे प्रथिन बनवायची कृती. पीरियडपासून बनणाऱ्या प्रथिनाला आपण ‘पेर’ म्हणू. एकट्या पेरचं काही चालत नाही, त्याला ‘टिम’ नावाचं दुसरं प्रथिन लागतं. रात्री दोघं एकमेकांना चिकटतात, पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि काय करतात सांगा? स्वतःलाच बनवणारी जनुकं बंद करतात! मग नवं पेर नाही, नवं टिम नाही. सकाळचा उजेड पडला की टिम मोडतं, मागोमाग पेरही संपतं, आणि जनुकं पुन्हा कामाला लागतात. उजेड नसला तरी दोघं हळूहळू संपतातच, म्हणून काळोख्या डब्यातही हा फेरा साधारण 24 तासांत पुरा होतो. हे कोडं उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रयोग. ज्या चिलटांचं पीरियड जनुक पार बिघडलंय, त्यांना दुसऱ्या माशीचं जनुक दिलं तर? आधी त्यांच्याच जवळच्या भाईबंदाचं, म्हणजे ड्रॉसोफिलाच्याच दुसऱ्या जातीचं जनुक देऊन पाहिलं होतं. घड्याळ कसंबसं चाललं. मग आपल्या घरात फिरते ना, त्या घरमाशीचं दिलं. घरमाशी तर किती लांबची नातेवाईक! तरीही घड्याळ छान चालू लागलं. 2000 साली हा निकाल छापून आला.

जवळच्याचं नीट जमेना आणि लांबच्याचं जमलं, असं का? तीन पायांची शर्यत आठवा. जोडीतल्या एकाने पाऊल बदललं, तर दुसऱ्यालाही बदलावं लागतं, नाहीतर दोघंही आपटतात. शास्त्रज्ञांना वाटलं, पेर आणि टिमचंही तसंच असेल. पिढ्यान्‌पिढ्या पेर जरासं बदललं की टिमही त्याला साजेसं बदलत गेलं. भाईबंदाचं पेर स्वतःच्या टिमशी जुळलेलं, म्हणून परक्या टिमशी त्याची पावलं जुळेनात. घरमाशीच्या पेरची मात्र जुळली.

मधमाशीची तर तऱ्हाच वेगळी. तिच्याकडे चिलटासारखं टिम नाहीच! तिचं पेर ‘क्राय’ नावाच्या प्रथिनाबरोबर काम करतं, आणि उंदरांच्या व माणसांच्या शरीरातही जोडी हीच असते. म्हणजे या एका बाबतीत मधमाशी चिलटापेक्षा आपल्याला जवळची.

पण पेरचा एक सोबती चिलटातही आहे आणि माणसातही. चिलटात त्याचं नाव ‘डबलटाइम’. ते पेरला फॉस्फेटचे बारीक ठिपके चिकटवतं, आणि त्यावरून पेर किती वेळ टिकणार ते ठरतं. आपल्याकडच्या त्याच्या भावंडांचं नाव वेगळं, काम तेच. 2001 साली अमेरिकेतल्या एका कुटुंबाची गोष्ट प्रसिद्ध झाली. त्यातल्या काही माणसांना संध्याकाळी साडेसातलाच गाढ झोप यायची आणि पहाटे साडेचारला टक्क जाग. आळस नाही, आजार नाही. त्यांच्या पेरमध्ये एकच कण बदललेला होता, आणि तोही नेमका हा ठिपका चिकटतो त्या जागेवरचा!