जुने बास्केटबॉल बूट रोज घालावेत का?

केपीएचबीत संध्याकाळी फेरी मारली तर कॉलेजच्या निम्म्या पोरांच्या पायात एकच चाल दिसते: सपाट जाड तळाचे, चामड्याचे, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या बास्केटबॉलचे बूट. आदिदासचा सुपरस्टार १९६९ चा, नायकेचा एअर फोर्स वन १९८२ चा. टाचेत हवेची गादी असलेला तो नायकेचा पहिला बास्केटबॉल बूट. खेळाडूंनी ते कधीच सोडले, फॅशनने मात्र धरून ठेवले. जीन्सवर उत्तम दिसतात, कुर्त्यावरही शोभतात. पण नामांकित जोडीला आठ-दहा हजार मोजायचे, तर नुसतं दिसणं पुरत नाही.

माझी जोडी घोट्यापर्यंत येणारी. ती घालून मी केपीएचबी कॉलनी ते रायदुर्ग मेट्रोने जातो, अमीरपेटला गाडी बदलतो. गर्दीत उभं राहायला हे बूट झकास. तळ रुंद, त्यामुळे धक्का बसला तरी तोल जात नाही. चालताना मात्र वजन जाणवतं. रबराचा तळ वाटीसारखा असतो आणि चामडं त्याच्या कडेला शिवलेलं. म्हणून बूट वर्षानुवर्षं टिकतो, पण सुरुवातीला पुढून नीट वाकत नाही. दोन-तीन किलोमीटरनंतर चवडे बोलायला लागतात. पळायला, व्यायामाला हे नकोतच. त्यासाठी धावण्याचे हलके बूट घ्या.

आणि आपल्या घरांची एक अडचण अमेरिकेतल्या डिझायनरला कुठून सुचणार? दारात बूट काढायचे! गणपतीच्या दिवसांत चार घरी आरतीला गेलं की प्रत्येक उंबऱ्याशी लेस सोडा, बांधा. मागे काकू ताटकळत उभ्या. त्यामुळे उंच बुटापेक्षा घोट्याखालचा बूट घ्यावा असं माझं स्पष्ट मत. उन्हाळ्यात घोट्याला वाराही लागतो.

घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. रोजचे मोजे घालून बघा, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, दुकानातच दहा मिनिटं चाला. पाऊल रुंद असेल तर नुसता नंबर वाढवू नका, टाच निसटते. दुसरं मॉडेल बघा. पांढरा रंग पावसाळ्यात चिखलाने माखणारच. ओल्या फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. गच्चीवरच्या कडक उन्हात चामडं ताठ होतं, भेगाही पडतात.