आजार लपविण्याचा आजार

शाळेत प्रार्थनेला उभे असलेले आठ-नऊ वर्षांचे मूल एकाएकी कोसळते. अंग ताठरते, हातपाय झटकू लागतात. दोन-तीन मिनिटांत सारे थांबते व मूल थकून झोपी जाते; आईबापांची झोप मात्र त्या दिवसापासून उडते. डॉक्टर 'अपस्मार' असे निदान करतात आणि घरात पहिला हुकूम सुटतो तो हा : कोणाजवळ बोलू नका!

ही भीती अगदीच निराधार नव्हती. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराला वेडाच्या पंक्तीस बसविले होते. १९९९ साली तो शब्द कायद्यातून निघाला. लोकांच्या मनातून तो अद्याप निघायचा आहे. त्यातून मुलगी असली, तर आईच्या पोटात गोळाच उठतो.

वस्तुतः अपस्मार ही बाधा नव्हे, वेड नव्हे, स्पर्शाने जडणारा रोगही नव्हे. मेंदूतील विद्युत्संदेशांचा तो क्षणिक गोंधळ होय. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा विकार आहे. योग्य उपचार मिळाल्यास त्यांतील सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र गोळी रोज ठरल्या वेळी घेतली पाहिजे, आणि झटके थांबले म्हणून ती आपल्या मनाने बंद करता कामा नये.

घरातल्या गुपिताची किंमत मूल शाळेत मोजते. ज्यांना काही सांगितलेलेच नाही, ते घाबरून नाकाशी कांदा किंवा जोडा धरतात, दातांत चमचा घालतात. करावयाचे असते ते इतकेच : मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर तडक इस्पितळ गाठावे. वर्गशिक्षकांना एवढे सांगण्यास आईबापांना कसली लाज?

दुसरी चूक मायेपोटी होते. खेळ बंद, सहल बंद, पाणी तर वर्ज्यच! आपल्या किनाऱ्यावरचे पोर विहिरीवर वा समुद्रावर एकटे जाऊ नये, हे खरेच. परंतु झटके आटोक्यात आल्यावर, डॉक्टरांना विचारून, जाणत्या पोहणाऱ्याच्या सोबतीने त्याला पाण्यात उतरू द्यावे. झटका काही मिनिटांचा असतो. त्याच्या धाकाने मुलाचे सारे बालपण कोंडून ठेवण्याचा अधिकार आईबापांनाही नाही.