शस्त्रक्रियेनंतर घरी : कोणते लक्षण साधे, कोणते धोक्याचे?

हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातील खडे यांसारख्या शस्त्रक्रियांनंतर रुग्णाला आता बहुधा एक-दोन दिवसांतच घरी पाठविले जाते. त्यामुळे पूर्वी परिचारिका ज्या गोष्टींवर लक्ष ठेवीत, त्या आज घरच्या मंडळींनाच पाहाव्या लागतात. जरीपटक्यातील एखाद्या घरी मध्यरात्री रुग्णाचा खांदा दुखू लागला, तर शस्त्रक्रिया पोटाची आणि वेदना खांद्यात कशी, या विचाराने सारे घर धास्तावते.

याचे कारण साधे आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवितात. मागे राहिलेला वायू श्वासपटलास डिवचतो. श्वासपटल व खांदा यांच्या संवेदना मानेतील त्याच मज्जातंतूंच्या वाटेने जात असल्याने वेदना खांद्यात जाणवते. घरात थोडे चालल्यास बरे वाटते व दोन-तीन दिवसांत ती ओसरते. मात्र सोबत छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर हे वायूचे दुखणे समजून थांबू नये.

नळी घातल्यामुळे घसा खवखवणे, पहिल्या दोन दिवसांतील किंचित ताप, वेदनाशामक औषधांमुळे होणारा मलावरोध, हीदेखील नेहमीची लक्षणे होत. पाठीच्या कण्यात भूल दिली असल्यास बसताच वाढणारी व आडवे होताच कमी होणारी डोकेदुखी होऊ शकते. ती डॉक्टरांना अवश्य सांगावी. तिच्यावर उपचार आहेत.

ओळखण्याची खूण एकच : त्रास दिवसेंदिवस कमी व्हावयास हवा. कमी झालेला त्रास पुन्हा वाढू लागला, तिसऱ्या दिवसानंतर ताप आला, जखमेभोवती लाली वा सूज पसरली, पू आला, उलट्या थांबेनात किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गाठ झाल्याची शक्यता असते; तेव्हा पाय चोळू नये, ताबडतोब रुग्णालयात न्यावे. श्वास लागणे, शुद्ध हरपणे वा न थांबणारा रक्तस्राव झाल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जरीपटक्याहून मेयो रुग्णालय जवळ आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. घामाने पट्टी भिजल्यास ती कशी बदलावी, हे रुग्णालयातून निघतानाच विचारून घ्यावे. डॉक्टरांची मनाई नसल्यास पाणी भरपूर प्यावे. दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणू नयेत. जखमेतील संसर्ग महिनाभरात केव्हाही डोके वर काढू शकतो, म्हणून टाके निघाले तरी लक्ष असू द्यावे.

आपल्याकडे वडीलधारी माणसे, “एवढ्याशासाठी डॉक्टरांना कशाला त्रास?” असे म्हणून दुखणे अंगावर काढतात; मूळव्याधीचा रुग्ण तर संकोचाने गप्प राहतो. म्हणून भेटीस जाणाऱ्यांनी फळे अवश्य न्यावीत, पण “कालच्यापेक्षा आज बरे आहे ना?” हेही आवर्जून विचारावे आणि उत्तर नीट ऐकावे.