विक्रांतच्या पोटातली माणसे

मंडळी, आपल्या कन्हानहून समुद्र फार लांब. मुंबईला जायचे तर आगगाडीने आठशे किलोमीटरच्या वर प्रवास. आपल्याकडे पाणी म्हटले की नदी, तलाव, नाही तर विहीर. बोट म्हटली की ढिवर बंधूंचा डोंगा. पण आपली नदी शेवटी जाते कुठे, हे कधी मनात आले का? कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळते आणि तिथून तिचे नाव प्राणहिता. प्राणहिता गोदावरीत जाते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात.

त्याच उपसागरात १९७१ च्या डिसेंबरात आपले एक मोठे लढाऊ जहाज उभे होते. त्याचे नाव विक्रांत. त्या जहाजाच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली जी माणसे काम करत होती, त्यांची हकिकत आज सांगायची आहे. लढाईची गोष्ट निघाली की विमाने आणि तोफा सगळ्यांना आठवतात. बॉयलरजवळ उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारत नाही.

आधी जहाज केवढे होते ते पाहू. लांबी सुमारे २१३ मीटर. आपल्या स्टेशनात उभी असलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. तिचे नऊ डबे एकामागे एक धरले तर एवढी लांबी होते. त्याच्या पाठीवर सपाट मैदान. त्या मैदानावरून विमाने उडत आणि त्यावरच उतरत. आत हजारावर माणसे. एक लहानसे गावच म्हणा ना! स्वयंपाकघर, दवाखाना, कारखाना, न्हाव्याची खुर्ची, सगळे आत. हे जहाज मुळात इंग्रजांनी बांधायला घेतले होते. ते अर्धवट राहिले. भारताने ते विकत घेऊन पुरे करवून घेतले. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ते आपल्या नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आले.

आता हे धूड चालायचे कशावर? वाफेवर. हे तुम्हाला समजायला अवघड नाही. आपल्या खापरखेड्याच्या वीजघरात काय होते? कोळसा जाळतात, पाण्याची वाफ करतात, आणि ती वाफ जोराने चक्रावर सोडतात. चक्र फिरते. तिथे चक्राने वीज होते. विक्रांतवर त्याच चक्राने जहाजाचे पंखे पाण्यात फिरत. फरक एवढाच की कोळशाऐवजी तेल जाळत. असे चार बॉयलर जहाजाच्या पोटात होते.

बॉयलर म्हणजे काय, तेही सांगतो. वर वाफेचे एक मोठे लोखंडी पिंप. खाली पाण्याची दोन पिंपे. मध्ये शेकडो नळ्या. नळ्यांच्या बाहेरून आग, आतून पाणी. आतल्या वाफेचा दाब एका चौरस इंचावर चारशे पौंडांच्या आसपास. म्हणजे किती? टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या जागेवर धान्याची दोन भरलेली पोती ठेवली तर जेवढा भार पडेल, तेवढा. आणि असा भार पिंपाच्या आतून सगळ्या बाजूंनी, रात्रंदिवस.

आमच्या नात्यातले एक काका नौदलात अशा वाफेच्या जहाजांवर होते. आता ते हयात नाहीत. घाटावर बसले की बोलत, आणि मोठ्याने बोलत. कारण इंजिनघराच्या आवाजाने कान अधू झालेले. ते म्हणत, "अरे, बॉयलरच्या खोलीतून वर आलं की वैशाखातलं नागपूर थंड वाटायचं." त्यांची एक सवय अशी, की चालत्या पंख्याचा किंवा मोटारीचा आवाज जरा बदलला की बोलता बोलता थांबत आणि तिकडे पाहत. आम्ही हसायचो. ते म्हणत, आवाज बदलला आणि तू झोपलेला असलास तर मग उठायची वेळ येत नाही.

जहाजावर काम पाळीने चाले. बहुतेक पाळ्या चार-चार तासांच्या. आता शाळामास्तर म्हणून एक हिशेब घालतो, बघा सुटतो का. चोवीस तासांत चार तासांच्या पाळ्या किती? सहा. माणसांच्या तुकड्या तीन. म्हणजे पहिल्या तुकडीला रोज पहिली आणि चौथी पाळी. ज्याच्या वाट्याला मध्यरात्रीची पाळी आली, त्याच्या वाट्याला ती कायमचीच! हा अन्याय झाला. मग दर्यावर्दी लोकांनी युक्ती केली. संध्याकाळी चार ते आठ ही पाळी फोडून तिच्या दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या केल्या. आता पाळ्या झाल्या सात. साताला तीनने भाग जात नाही. त्यामुळे रोज प्रत्येकाची पाळी आपोआप पुढे सरकते. कोणाला भांडावे लागत नाही. कागदावर मांडून पाहा. मला तर ही युक्ती फार आवडते. आमच्या शाळेत वर्ग झाडायच्या पाळ्या मी अशाच लावल्या होत्या.

काकांची दुसरी आठवण पाण्याची. चहूकडे पाणी, आणि अंघोळीला पाणी मोजून. असे का? समुद्राचे पाणी खारट. ते उकळून, त्याची वाफ थंड करून गोडे पाणी करावे लागे. त्यावर पहिला हक्क माणसाचा नव्हे, बॉयलरचा! आपल्या घरी बोअरचे पाणी तापवून तापवून भांड्याला आतून पांढरा थर चढतो ना? बॉयलरच्या नळीत तसा थर चढला तर नळी तापून फुटते. म्हणून बॉयलरला अगदी शुद्ध पाणी. उरेल त्यात माणसांनी भागवायचे. कपडे घामाने ओले होत आणि अंगावरच वाळत. वाळले की त्यावर मिठाच्या रेघा दिसत.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

१९७० च्या जूनमध्ये विक्रांत मुंबईच्या गोदीत होते. तपासणीत असे दिसले की बॉयलरच्या पाण्याच्या पिंपांना आतून बारीक चिरा पडल्या आहेत. माठाला केसाएवढी चीर पडली तर काय होते, तुम्ही जाणताच. माठातून पाणी झिरपते, एवढेच. इथे चारशे पौंडांचा दाब. या चिरा वेल्डिंगने बुजण्यासारख्या नव्हत्या. नवी पिंपे आपल्या देशात मिळत नव्हती, ती विलायतेहून मागवली. तोवर बॉयलर पेटवू नका, असा हुकूम झाला. जहाज कित्येक महिने नुसते उभे राहिले.

इकडे १९७१ साल उजाडले. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, कत्तल सुरू झाली. लाखो निर्वासित आपल्या देशात आले. लढाई जवळ येत चालली. नवी पिंपे अजून बसली नव्हती. मग काय करायचे? देशाजवळ विमाने वाहणारे जहाज हे एकच. ते बंदरात ठेवले तर सुरक्षित राहील, पण उपयोग शून्य. बाहेर काढले आणि बॉयलर फुटला तर आतली माणसे वाफेत होरपळतील. अशी वाफ डोळ्यांना दिसतही नाही.

शेवटी दाब कमी ठेवून बॉयलर पेटवायचे ठरले. मार्च आणि एप्रिलमध्ये समुद्रात चाचण्या झाल्या. पंख्यांच्या फेऱ्यांना मर्यादा घातली. पुऱ्या दमाने जे जहाज ताशी सुमारे ४६ किलोमीटर धावे, त्याला त्या चाचण्यांत ताशी २६ किलोमीटरपर्यंतच चालायची परवानगी होती.

जहाज हळू चालले तर बिघडले काय, असे तुम्ही म्हणाल. ऐका. संक्रांतीला वारा पडलेला असला की पोरे काय करतात? पतंग हातात धरून पळत सुटतात. पळाल्याने वारा लागतो आणि पतंग उचलतो. विमानाचेही तसेच आहे. विमान उडवायचे तेव्हा जहाज वाऱ्याच्या तोंडावर जोराने धावते. त्याशिवाय विक्रांतवर विमानाला ढकलायला वाफेची एक मोठी गलोलच होती. तिला कॅटापल्ट म्हणतात. थांबलेले विमान ती क्षणात पुढे फेकी. आता पाहा, जहाज धावायचे ते वाफेवर, गलोल ओढायची ती वाफेवर, आणि वाफ येणार चिरा पडलेल्या बॉयलरमधून. वर वैमानिक कितीही शूर असला तरी खालून वाफ आली नाही तर तो जागचा हलत नाही.

शत्रूलाही विक्रांतची किंमत कळत होती. पाकिस्तानने त्याला बुडवण्यासाठी गाझी नावाची पाणबुडी धाडली. तेव्हा पूर्व किनाऱ्यावरचे नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी एक डाव टाकला. विक्रांत अंदमानाकडे आडबाजूला दडवून ठेवले, आणि ते विशाखापट्टणमलाच आहे अशी हूल उठवली. बाजारात मोठ्या जहाजाला पुरेल एवढा शिधा मागवला. राजपूत नावाच्या जहाजावरून विक्रांत बोलत असल्यासारखे बिनतारी संदेश सोडले. गाझी विशाखापट्टणमजवळ आली आणि ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री तिथेच बुडाली. ती कशाने बुडाली याबद्दल दोन देशांची म्हणणी वेगळी आहेत. तिच्यावरचे सगळे लोक गेले.

४ डिसेंबरला विक्रांतची सी हॉक विमाने उडाली. कॉक्स बाजार आणि चितगाव येथील विमानतळांवर आणि बंदरावर त्यांनी हल्ले केले. पुढचे काही दिवस हे चालू राहिले. समुद्राकडून शत्रूची सुटकेची वाट बंद झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. बॉयलर फुटला नाही.

एवढ्या दिवसांत खालच्या माणसांना काय दिसले? काही नाही. आभाळ नाही, समुद्र नाही, शत्रूही नाही. समोर दाबाचे काटे आणि पाण्याच्या पातळीची काच. लढाई त्यांना कानांनी कळायची. विमान सुटले की वर कॅटापल्टचा दणका बसे. विमान उतरले की शेपटीचा आकडा आडव्या तारेत अडके आणि डोक्यावरचे लोखंड हादरे. सुटताना किती दणके आणि उतरताना किती, एवढे मोजले की आपली सगळी पोरे परत आली की नाही ते समजे.

खाली काम करणाऱ्याची जोखीम किती, हे त्याच लढाईत दुसऱ्या बाजूला दिसले. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपले खुकरी हे जहाज पाकिस्तानी पाणबुडीने बुडवले. काही मिनिटांत ते गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक बुडाले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपला तरंगण्याचा पट्टा दुसऱ्याला दिला आणि ते जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. वर असलेल्याला निदान उडी टाकता येते. तळाशी असलेल्याला शिड्यांमागून शिड्या चढून यावे लागते, आणि तेही दिवे गेलेले असताना.

विक्रांत पुढे पुष्कळ वर्षे चालले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ते नौदलातून निवृत्त झाले. मग मुंबईत ते लोकांना पाहायला खुले केले. आमच्या शाळेची सहल मी तिथे नेली होती. पोरांनी विमाने पाहिली, त्यांवर हात फिरवला, आणि मोठा गलका केला. एका मुलीने मात्र विचारले, "सर, चूल कुठे आहे याची?" चांगला प्रश्न. पण तळाशी जायला आम्हाला मुभा नव्हती.

२०१२ साली तेही दर्शन बंद झाले. जहाज जीर्ण झाले होते, त्याचा खर्च कोणी उचलेना. २०१४ मध्ये ते भंगारात विकले गेले आणि मुंबईच्या दारूखान्यात तोडले. काही जुने नौसैनिक फार हळहळले. जहाज राखायला पाहिजे होते, असे माझेही मत आहे. त्या लोखंडाचा काही भाग एका कंपनीने मोटारसायकली करायला वापरला. थोड्या लोखंडाचे स्मारक झाले. ते मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ आहे. मुंबईला गेलात तर पाहून या, रस्त्यावरूनच दिसते.

२ सप्टेंबर २०२२ रोजी विक्रांत नावाचे नवे जहाज नौदलात आले. हे आपल्याच देशात, कोचीला बांधले. जुन्यापेक्षा ते बरेच मोठे, २६२ मीटर लांब. त्याच्यावर बायकाही काम करतात. विमाने उडायला पुढे उंच चढण केली आहे, त्यामुळे कॅटापल्ट नाही. आणि ते वाफेवर चालत नाही. त्याची इंजिने गॅस टर्बाइनची, विमानाच्या इंजिनासारखी. त्यामुळे तळाशी बॉयलरच्या काट्यावर नजर ठेवून रात्र काढणारा माणूस त्या जहाजावर नाही. ते काम ज्यांनी केले, ते आता सत्तरी-ऐंशी ओलांडलेले. कोणी सातारा-रत्नागिरीकडे, कोणी आपल्या विदर्भात. त्यांच्याशी बोलायला बसलात, तर जरा मोठ्याने बोला.