कोयत्यासोबत गोळ्यांची डबीही बांधा



दिवाळी झाली की आपल्या बीडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. दोन वर्षांखाली आमच्या गटातली एक बाई फडावरून परतली ती पार खंगून. एचआयव्हीच्या गोळ्या तिनं बंद केल्या होत्या. म्हणाली, "ताई, कोपीत सगळ्यांदेखत कशी घेऊ? अन् मला तर बरं वाटत होतं." म्हणून आज या गोळ्यांविषयी बोलू.

एचआयव्हीचा विषाणू रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत शिरतो, तिथंच वाढतो आणि त्या पेशी मारतो. एआरटीची औषधं ही वाढ रोखतात. आता बहुतेक मोठ्या माणसांना तीन औषधं एकाच गोळीत मिळतात, रोज एक. पण विषाणू शरीरात लपून राहतोच. हरळी वरून खुरपली तरी मुळी जमिनीत राहते, खुरपणी थांबली की रान पुन्हा भरतं. म्हणून बरं वाटलं तरी गोळी जन्मभर घ्यायची.

दुसरा धोका असा, की अर्धवट फवारणीनं अळी औषधाला सरावते, तसा गोळ्या चुकवल्या की विषाणूही सरावतो. मग तीच गोळी लागू पडत नाही. एखाद्या दिवशी विसरलात, तर आठवताच घ्या, पण दोन एकदम नको. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका.

गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईला उपचार नसेल तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईनं आणि बाळानं वेळेवर औषध घेतलं तर ५ पेक्षाही कमी.

ही औषधं सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. आपल्याकडे बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय इथं केंद्र आहे. उचल घेतली की केंद्रात जाऊन सांगा, कुठं आणि किती महिने जाणार. पुरेशा गोळ्यांची किंवा तिकडच्या केंद्राची सोय विचारा. १०९७ वर फोन फुकट लागतो. तुमचा आजार संमतीशिवाय इतरांना सांगायला २०१७च्या कायद्यानं मनाई आहे.

ती बाई आता सावरली आहे. तिनं फक्त जावेला विश्वासात घेतलं. रात्री भाकरी झाली की जाऊ हळूच विचारते, "घेतली का गं?"